वाचकांचे प्रश्न : जातीचा ‘नमुना’ आणि देशाचा चेहरा

मागच्या अंकात ब्रिटिश अमदानीतली चित्रं, वंशाच्या कल्पना आणि त्यांतून घडलेली राष्ट्राची प्रतिमा या विषयावर प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी सहा निवडून त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : घरच्या जुन्या सामानात जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले तपकिरी रंगाचे काही फोटो सापडले. प्रत्येकात दोन-तीन माणसं आहेत, मागे देऊळ नाहीतर समुद्रकिनारा. खाली इंग्रजीत फक्त जातीचं नाव छापलंय, माणसाचं नाव कुठेच नाही. हे कशासाठी काढले असतील? आणि ते सांभाळायचे कसे? (सातारा)

उत्तर : या फोटोंमध्ये माणसाचं नाव राहून गेलेलं नाही, ते मुद्दामच दिलेलं नाही. समोरची व्यक्ती कोण आहे यात फोटो काढणाऱ्याला रस नव्हता. त्याला ती एका जातीचा ‘नमुना’ म्हणून हवी होती. ही पद्धत कॅमेऱ्याच्या आधीची आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी तंजावर, पाटणा, मुर्शिदाबाद इथल्या चित्रकारांकडून जाती आणि धंदे दाखवणारे चित्रसंच करून घेत. विलायती कागदावर जलरंगात एक पुरुष, शेजारी त्याची बायको, हातात धंद्याचं अवजार, पायांखाली जमिनीचा अरुंद पट्टा आणि मागे कोरा कागद, अशी त्यांची मांडणी असे. घर, गल्ली, शेजारीपाजारी काहीच नाही. माणूस त्याच्या जगातून उचलून वेगळा काढला की त्याचा नमुना होतो, आणि कोरी पार्श्वभूमी नेमकं तेच काम करते.

1854 मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि तीच मांडणी कॅमेऱ्याकडे आली. विल्यम जॉन्सन याने मुंबईतल्या जातिजमातींच्या फोटोंचे दोन खंड 1863 आणि 1866 मध्ये काढले. त्यातली कितीतरी चित्रं जोडलेली आहेत. माणसांचा फोटो एका ठिकाणचा, देखावा दुसऱ्याच ठिकाणचा, आणि दोन्ही एकत्र छापलेले. तुमच्या वर्णनावरून हे फोटो त्याच धाटणीचे दिसतात. पडताळा घ्यायचा तर भिंग घेऊन तीन गोष्टी पाहा. माणसांवरचा उजेड एका बाजूने आणि मागच्या देवळावरचा दुसऱ्या बाजूने येतोय का? पागोट्याच्या आणि खांद्याच्या कडेला कात्रीने कापल्यासारखी फिकट रेघ आहे का? पाय जमिनीवर टेकलेले वाटतात की तरंगतात? तिसरी खूण सहसा सापडतेच, कारण नसलेली सावली बेमालूम घालणं सर्वांत अवघड असतं.

आता कातडीच्या रंगाचा मुद्दा, कारण त्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. त्या काळी ओल्या कोलोडियनची काच वापरत. काचेवर कोलोडियन हा चिकट द्रव ओतायचा, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून लगेच धुवायची. हे रसायन निळ्या उजेडाला संवेदनशील असतं आणि तांबड्या-पिवळ्याला जवळपास आंधळं. त्यामुळे निळं लुगडं फिकट येतं, लाल पागोटं आणि कुंकू काळं येतं, आणि गव्हाळ कातडी प्रत्यक्षापेक्षा बरीच गडद उतरते. असे फोटो ‘पुरावा’ म्हणून विलायतेला गेले. रसायनाची मर्यादा तिथे लोकांचा रंग म्हणून वाचली गेली. या फोटोंवरून कुणाच्या कातडीच्या रंगाबद्दल काहीही म्हणू नये, हे त्याचं व्यवहारातलं तात्पर्य.

याच पद्धतीने 1868 ते 1875 या काळात सरकारी पाठबळावर ‘द पीपल ऑफ इंडिया’ हे आठ खंड निघाले. सत्तावन्नचा उठाव होऊन गेला होता, आणि कोणती जमात भरवशाची, कोणती कावेबाज, असे शेरे या खंडांत फोटोंच्या जोडीने येतात. 1869 मध्ये सर सय्यद अहमद खान लंडनला असताना इंडिया ऑफिसात, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या कचेरीत, त्यांच्यासोबतच्या मंडळींनी हे पुस्तक पाहिलं. एका तरुण इंग्रजाने त्यांच्या मुलाला, सय्यद महमूदला, ‘तुम्ही हिंदुस्थानी का?’ असं विचारलं. तो हो म्हणाला, पण लाजेने लाल झाला आणि आपण इथले मूळ रहिवासी नाही, आपले पूर्वज बाहेरून आले, असं त्याने लगोलग जोडलं. नमुन्याच्या चित्राची खरी ताकद इथे दिसते. त्याच्यामुळे अपमान झालेला माणूस चौकट मोडत नाही, त्या चौकटीत आपण जरा वरच्या खणात आहोत एवढंच सांगू लागतो. राष्ट्राची प्रतिमा घडताना हीच खोड पुढे पुन्हा पुन्हा डोकं वर काढते.

सांभाळण्याबद्दल. हे बहुधा अल्ब्युमेन प्रिंट असावेत, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेल्या पातळ कागदावर उन्हात छापलेले. पुठ्ठ्यावरून सोलू नका, कागद तिथल्या तिथे फाटतो. लॅमिनेशन नको, चिकट पानांचा अल्बम नको, ओलं फडकं तर नकोच. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका आणि प्रत्येक फोटो आम्लमुक्त कागदाच्या वेगळ्या पाकिटात आडवा ठेवा. नोंद करायची तर पुठ्ठ्याच्या पाठीमागे, मऊ शिसपेन्सिलीने. छापील मजकूर कापून टाकू नका. तो अपमानकारक असला तरी फोटो कशासाठी काढला गेला याचा पुरावा तोच आहे.

प्रश्न : नाक मोजून वंश ठरवत असत असं वाचलं. हे नेमकं कसं करत आणि त्याचा चित्रकलेशी काय संबंध? (नांदेड)

उत्तर : नाकाची रुंदी भागिले नाकाची उंची, गुणिले 100. उत्तर 70 च्या खाली आलं तर नाक ‘अरुंद’, 70 ते 85 ‘मध्यम’, 85 च्या वर ‘रुंद’. 1901 च्या जनगणनेचा आयुक्त हर्बर्ट रिस्ले याचा दावा असा की जात जितकी वरची तितकं नाक अरुंद, म्हणजे जातींची उतरंड ही मुळात आर्य-अनार्य वंशांची उतरंड आहे.

हे मोजमाप किती कच्चं होतं ते हिशोब करून पाहा. नाकाची रुंदी 34 मिलिमीटर आणि उंची 50 असेल तर आकडा येतो 68, म्हणजे अरुंद. आता उंची मोजताना मोजपट्टीचं टोक दोन भुवयांमधल्या खळग्यात नेमकं न टेकता 2 मिलिमीटर खाली टेकलं. उंची झाली 48, आकडा 70.8. माणूस तोच, नाक तेच, फक्त रकाना बदलला. तो खळगा कातडीवरून बोटाने चाचपून शोधायचा असतो, त्यामुळे दोन मोजणाऱ्यांमध्ये एवढा फरक सहज पडतो. शिवाय मोजण्यासाठी माणसं कोण निवडतं, किती निवडतं, यावर सरासरी हलते ती वेगळीच.

या दाव्याला सविस्तर उत्तर मुंबई विद्यापीठातून गेलं. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी 1932 मध्ये तेच आकडे प्रांतवार मांडले आणि दाखवलं की जातीची पायरी आणि नाक यांचा मेळ उत्तर हिंदुस्थानाच्या एका पट्ट्यापुरताच बसतो, इतर प्रांतांत तो मोडतो. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 मध्येच म्हटलं होतं की पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार वंशाने एकच आहेत. 1948 मध्ये घुर्यांनी मांडलेली मापं हाती घेऊन त्यांनी ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे असल्याचा सिद्धान्तच खोडला. ज्या आकड्यांनी माणसं वेगळी काढली होती, त्याच आकड्यांनी ती एकत्र आणून दाखवली. आपल्या बौद्धिक इतिहासातलं हे फार मोलाचं काम आहे आणि शाळेच्या पुस्तकात त्याला जागा हवी.

चित्रकलेशी संबंध असा. इमारती आणि शिल्पंही याच नजरेने वाचली गेली. भारतीय वास्तुकलेचा इतिहास लिहिणाऱ्या जेम्स फर्ग्युसनच्या मते भारतीय कलेचा इतिहास म्हणजे उतरता जिना. गांधार शैलीत ग्रीक हात लागला म्हणून ती श्रेष्ठ, पुढे ‘मिश्रण’ वाढलं तशी कला घसरली. राजेंद्रलाल मित्र या बंगाली विद्वानाने याला आव्हान दिलं, तेव्हा फर्ग्युसनने 1884 मध्ये त्यांच्याविरुद्ध आख्खं पुस्तक लिहिलं. युरोपीय आरोपींचे खटले भारतीय न्यायाधीशांपुढे चालावेत की नाही, यावरून इल्बर्ट बिलाचा वाद तेव्हा ताजा होता. देवळाच्या दगडांवरच्या वादामागे ‘नेटिवाला आम्हाला तपासण्याचा अधिकार आहे का’ हा प्रश्न होता.

प्रश्न : चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना प्लॅस्टरच्या ग्रीक मूर्ती काढायला का लावत? (एक विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून 1857 मध्ये मुंबईत जे. जे. स्कूल सुरू झालं. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन इथल्या कलाशाळेचा अभ्यासक्रम इथे आला : आधी भूमिती आणि सपाट नमुन्यांची नक्कल, मग प्लॅस्टरचे ठसे, मग जिवंत माणूस. ग्रीक देह हे सर्व माणसांचं आदर्श माप, असं त्यात गृहीत धरलेलं होतं. तरी शिक्षण एकतर्फी झालं नाही. शिल्पकार गणपतराव म्हात्रे यांनी 1896 मध्ये याच शिक्षणाच्या जोरावर ‘मंदिरपथगामिनी’ घडवली, आणि ती देवळाला निघालेली नऊवारीतली मराठी मुलगी आहे. जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली जे.जे.च्या विद्यार्थ्यांनी 1872 ते 1885 अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या. त्यांपैकी बऱ्याच लंडनच्या आगीत जळाल्या, पण अजिंठ्याची रेषा मुंबईच्या चित्रकारांच्या हातात आली ती आलीच. तसं मराठी मुलखात विलायती पद्धतीचं रेखाटन शिकवणं त्याहून जुनं आहे. सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत, 1790 च्या दशकात, पेशव्यांच्या दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी (रेसिडेंट) चार्ल्स मालेट आणि चित्रकार जेम्स वेल्स यांच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात चित्रशाळा चालली होती. तिथले गंगाराम तांबट यांची वेरूळची रेखाटनं आजही उपलब्ध आहेत.

प्रश्न : राजा रविवर्मा यांनी देवींना साडी नेसवली आणि त्यातून ‘भारतीय स्त्री’ तयार झाली, असं म्हणतात. हे कितपत खरं? त्यांच्या देवी इतक्या गोऱ्या का? आमच्याकडे त्यांची एक लक्ष्मी आहे, ती अस्सल आहे का हे कसं ओळखायचं? (पुणे)

उत्तर : पहिलं विधान बरंचसं खरं आहे. बडोद्याच्या गायकवाडांसाठी 1888 ते 1890 मध्ये केलेल्या चौदा पौराणिक चित्रांच्या वेळी रविवर्म्यांपुढे व्यावहारिक अडचण होती. दमयंती, सीता, द्रौपदी यांना कोणत्या प्रांताचा पोशाख द्यायचा? प्रवास करून, पोशाख पाहून ते साडीवर स्थिरावले आणि तिच्यात मराठी नेसणीचा ठसा ठळक आहे. कोणत्याही एका प्रांताची न वाटणारी स्त्री त्यांना हवी होती, पण निवड करावीच लागली, आणि त्या निवडीत कितीतरी स्त्रिया बाहेर राहिल्या.

‘वादकांचा मेळा’ हे मैसूरसाठी केलेलं चित्र शेजारी ठेवून पाहा. निरनिराळ्या प्रांतांच्या अकरा स्त्रिया, प्रत्येकीचा पोशाख वेगळा. कंपनी काळातल्या नमुन्यांचाच हा संच, फक्त कोरी पार्श्वभूमी गेली आणि सगळ्या एका खोलीत, एका मैफलीत आल्या. राष्ट्राचं चित्र नमुन्याच्या चित्रातून असं उगवतं. पण कोष्टी, कोळी, कुंभार यांना या मैफलीत जागा नाही. शिकागोच्या 1893 च्या प्रदर्शनात रविवर्म्यांची दहा चित्रं गेली, त्यांना पदकं मिळाली, पण परीक्षकांनी कौतुक केलं ते त्यांच्या वंशशास्त्रीय मूल्याचं. चित्रकार राष्ट्र रंगवत होता आणि पाहणारे अजून नमुनेच मोजत होते.

गोरेपणाचं कारण एकच नाही. युरोपीय तैलचित्राचं शिक्षण, दरबारी आणि उच्चवर्णीय मॉडेल, आर्य वंशाचा तेव्हाचा बोलबाला, आणि गोरेपणाबद्दलचं आपलं स्वतःचं जुनं आकर्षण, हे सगळं एकत्र आलं. सगळं खापर इंग्रजांच्या माथी मारून चालणार नाही. छपाईने त्यात भर घातली. ही चित्रं शिळाछापाची, म्हणजे प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरून छापलेली, आणि त्वचेच्या छटा थोड्या दगडांत बसवताना मधल्या सावळ्या छटा आधी गळतात.

आता तुमची लक्ष्मी. रविवर्म्यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांनी विकत घेतला. त्यानंतरही कित्येक वर्षं तिथे छपाई चालली. म्हणून खाली ‘रवि वर्मा प्रेस’ असं छापलंय एवढ्यावरून चित्र रविवर्म्यांच्या हयातीतलं ठरत नाही. कोपऱ्यातली सहीसुद्धा छापलेलीच असते.

दहा पट मोठं दाखवणारं भिंग चित्रातल्या लक्ष्मीच्या गालावर धरा. ओळीत, सारख्या अंतरावर, फुलासारखे गुंफलेले ठिपके दिसले तर ती पुढची ऑफसेट छपाई आहे, मग कागद कितीही पिवळा असो. शिळाछापात ठिपके हाताने दिलेले असतात : वेडेवाकडे, लहानमोठे, कुठे दाट कुठे विरळ. मग चित्राची कड पाहा. प्रत्येक रंगाचा दगड वेगळा, त्यामुळे एखादा रंग केसभर सरकून बाहेर डोकावतो. ओठांच्या आणि काठपदराच्या कडेला हे चटकन दिसतं. तिसरं, चित्र तिरपं धरून उजेडात पृष्ठभाग पाहा. तैलचित्राचा आभास यावा म्हणून वर वार्निश आणि कधी कापडासारखी उठावदार वीण दाबलेली असते. ज्यावर जरी आणि टिकल्या लावल्यात ती प्रत कमअस्सल नव्हे. घरोघरी बायका चित्रांना असं सजवत, आणि ती सजावट काढून टाकली तर इतिहासच जातो.

काच थेट चित्राला टेकलेली असेल तर पावसाळ्यात वार्निश काचेला चिकटतं. ओढून काढू नका, तसंच जाणकाराकडे न्या. मागचा प्लायवूड काढून आम्लमुक्त पुठ्ठा घाला, काच आणि चित्र यांत पुठ्ठ्याची चौकट ठेवून फट सोडा, आणि समईची काजळी व खिडकीचं ऊन यांपासून लांब टांगा. संग्रहालयं अशा कागदी चित्रांवर साधारण 50 लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचं माप) जास्त उजेड पडू देत नाहीत.

जाता जाता : पुण्याचा चित्रशाळा छापखाना 1878 चा, म्हणजे रविवर्मा प्रेसच्या सोळा वर्षं आधीचा. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या या छापखान्याने देवादिकांबरोबर नाना फडणवीसही घराघरांत भिंतीवर लावले. देशाची प्रतिमा छापून वाटता येते, हे पुण्याने आधी ओळखलं होतं. त्याची दखल फारच कमी घेतली जाते.

प्रश्न : बंगाली चित्रकार अवनींद्रनाथ टागोरांची ‘भारतमाता’ विदेशी पद्धत टाकून ‘शुद्ध भारतीय’ शैलीत काढली, हे बरोबर आहे का? (नागपूर)

उत्तर : शैली शुद्ध नव्हती, आणि त्याने चित्राचं मोल कमी होत नाही. 1905 चं हे जलरंगातलं चित्र. भगव्या वस्त्रातली चार हातांची तरुणी, हातांत पोथी, भाताच्या लोंब्या, पांढरं वस्त्र आणि जपमाळ. म्हणजे विद्या, अन्न, वस्त्र आणि दीक्षा. शस्त्र एकही नाही. वंगभंगाच्या, म्हणजे बंगालच्या फाळणीच्या, त्या वर्षात ती आधी ‘वंगमाता’ म्हणून सुचली होती.

तिचं धुकट वातावरण ‘वॉश’ तंत्राचं आहे, आणि ते 1903 मध्ये कलकत्त्याला आलेल्या योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो या जपानी चित्रकारांच्या सहवासातून आलं. ते पाण्याने भिजवलेला सपाट ब्रश चित्रावर फिरवत. अवनींद्रनाथ आख्खा कागदच पाण्यात बुडवू लागले. करून पाहायचं असेल तर जाड, आकार धरणारा कागद फळीवर ताणून घ्या. पारदर्शक रंगाचा पातळ थर द्या आणि तो पूर्ण वाळू द्या. मग कागद पाण्यात बुडवा, सैल रंग मऊ ब्रशने हलका उतरवा, वाळवा, पुन्हा थर द्या. बारीक रेषा आणि चेहरा शेवटी. घाई करून अर्धवट वाळलेला थर बुडवला तर रंग डागाडागाने सुटतो. घासलं तर कागदाचे तंतू उठतात आणि पुढचा थर तिथे काळवंडतो. पांढरा अपारदर्शक रंग मिसळला की धुकं जातं आणि चिखल उरतो.

या शैलीचे पाठीराखे आणि कलकत्त्याच्या आर्ट स्कूलचे प्रमुख ई. बी. हॅवेल यांनी तिथली युरोपीय चित्रं काढून टाकली, तेव्हा विरोध केला तो भारतीय विद्यार्थ्यांनीच. हॅवेलना भारतीय माणूस स्वभावतःच ‘आध्यात्मिक’ वाटत असे. फर्ग्युसनने ज्याला दोष म्हटलं त्याला यांनी गुण म्हटलं, पण वंशावरून कला ठरवण्याची रीत तीच राहिली. 1910 मध्ये लंडनमध्ये जॉर्ज बर्डवुड या इंग्रज जाणकाराने बुद्धमूर्तीची तुलना चरबीच्या पुडिंगशी केली, तेव्हा हॅवेल आणि त्यांचे मित्र भारतीय कलेच्या बाजूने ठाम उभे राहिले, हे मात्र विसरू नये.

नमुन्याचा साचा उलटा वापरलेला पाहायचा असेल तर 1938 च्या हरिपुऱ्याच्या काँग्रेस अधिवेशनासाठी चित्रकार नंदलाल बोस यांनी केलेले फलक पाहा. विषय कंपनी चित्रांचेच : ढोलकीवाला, सुतार, कुंभार, दळणारी बाई. पण खाली जातीचं नाव नाही, देह कामात गुंतलेला आहे, कोऱ्या कागदाऐवजी मातीच्या रंगांची भरघोस कमान आहे, आणि हे फलक लावले होते ते शेतकऱ्यांच्या नजरेसाठी, मंडपाच्या वाटेवर. चित्रकार अमृता शेर-गिल यांनीही 1937 च्या दक्षिणेच्या चित्रांत तपकिरी कातडीला चित्राच्या मध्यभागी आणलं. त्या चित्रांतही थोडा दूरचा, उदास नमुना उरतो, असं आमचं मत आहे.

प्रश्न : आठवी-नववीच्या मुलांना हा विषय एका तासात कसा शिकवावा? (शिक्षिका, रत्नागिरी)

उत्तर : तीन चित्रं पुरतात : जॉन्सनच्या धाटणीचा एक फोटो, ‘वादकांचा मेळा’ आणि हरिपुऱ्याचा एक फलक. खालचा मजकूर कागदाने झाका. पहिली दहा मिनिटं मुलांनी फक्त दिसतं ते लिहायचं : हात कुठे आहेत, नजर कुणाकडे आहे, पायांखाली काय आहे, मागे काय आहे. मग मजकूर उघडा आणि विचारा, या शब्दांतलं काय चित्रात दिसतंय आणि काय बाहेरून चिकटवलंय? पुढे प्रत्येकाने आपल्या गावातल्या एका काम करणाऱ्या माणसाचं चित्र काढायचं, त्याला विचारून, आणि खाली त्याचं नाव आणि त्याने स्वतः सांगितलेलं एक वाक्य लिहायचं.

एक गोष्ट कटाक्षाने टाळा. ‘हा माणूस कोणत्या जातीचा दिसतो?’ हा प्रश्न गमतीनेही विचारू नका. मुलं लगेच वर्ण आणि नाकावरून तर्क लढवू लागतात, आणि वर्गातलंच कुणीतरी त्यात सापडतं. तसं घडलंच तर तिथे थांबून वरचा नाकाचा हिशोब फळ्यावर मांडा. 34 भागिले 50, मग 34 भागिले 48. गणिताला पाच मिनिटं लागतात.